नॉबला हात लावण्याआधी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

रोही आणि रानडुकरांच्या त्रासामुळे पीक संरक्षणाचा शस्त्रपरवाना घेतलेले शेतकरी आणि रायफल क्लबात नेमबाजी शिकणारी पोरं, या दोघांचीही पत्रं यंदा एकाच तक्रारीची आहेत : दुर्बीण बसवली, तरी नेम लागत नाही. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळून फक्त तालुका ठेवला आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. परवाना शस्त्राचा असतो, शिकारीचा नव्हे. रोही असो की रानडुक्कर, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी हातात नसेल तर गोळी झाडता येत नाही. खालची उत्तरं रेंजवर कागदाच्या टारगेटवर करायच्या तपासणीची आहेत. पत्रांत ‘झिरो करणं’ येतं, त्याचा अर्थ : दुर्बिणीवरचे नॉब फिरवून फुली, म्हणजे आत दिसणारी नेमाची खूण, आणि गोळी एकाच जागी आणणं.

प्रश्न : माया .३१५ रायफलले दुर्बीण बसवून दोन वर्षं झाली. पयले बराबर होती. आता क्लबात झिरो करून आनतो, अन् पुढच्या खेपेले पाहतो त गोया कधी डाव्या हाताले, कधी खाली. नॉब फिरवू फिरवू कंटायलो. दुर्बीण बिघडली काय? नवी घेऊ का?
— दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नवी घेऊ नका, निदान अजून तरी. आधी एक सांगा, त्या डावीकडे गेलेल्या गोळ्या एकमेकींजवळ लागतात की विखुरतात? पाच गोळ्या मुठीएवढ्या जागेत पण भलतीकडेच लागत असतील, तर दोन खेपांच्या मधे काहीतरी सरकलं आहे. पाचही चहूकडे जात असतील, तर झाडतानाच काहीतरी हलतं आहे. तुमच्या पत्रावरून पहिला प्रकार वाटतो, आणि पहिल्या प्रकारात संशयित ठरलेला असतो : स्क्रू.

दुर्बीण रायफलवर दोन टप्प्यांत बसते. खाली पट्टी, म्हणजे बेस, आणि पट्टीवर दोन रिंगा. बहुतेक जण रिंगांचे स्क्रू तपासतात, कारण ते दिसतात. ढिला असतो तो पट्टीचा स्क्रू, आणि तो दुर्बीण उतरवल्याशिवाय हाती लागत नाही. म्हणून रायफल रिकामी आहे याची बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उघडून डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, बोल्ट बाहेर काढा, मग दुर्बीण रिंगांसकट उतरवा. पट्टीचे स्क्रू काढून त्यांचे आटे आणि भोकं ॲसिटोनने पुसा. तेल राहिलं तर कितीही आवळा, तो स्क्रू सुटणारच. निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, एक थेंब पुरतो. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय निघत नाही. पुढचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो आत बोल्टला किंवा नळीच्या आट्याला टेकतो. तेव्हा स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण पट्टी ढिलीच राहते. त्यामुळे पट्टी आवळल्यावर बोल्ट चालवून बघा. जराही अडला, तर त्या स्क्रूची लांबी तपासा.

मग रिंगा. त्या पट्टीच्या खाचेत बसवल्यावर, आवळायच्या आधी, पुढे नळीच्या दिशेने ढकलून खाचेच्या कडेला भिडवा. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि दुर्बीण आपल्या वजनाने जागीच राहू पाहते, म्हणजे पट्टीवर ती पुढे सरकते. आधीच भिडलेली असेल तर तिला सरकायला जागा उरत नाही. वरच्या टोप्यांचे चार-चार स्क्रू ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटांसारखे आमनेसामने, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. टोप्यांच्या स्क्रूला साधारण १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर जोर पुरतो. मोजायचं अवजार नसेल तर एलन की उलटी धरा. लांब टोक स्क्रूत, आखूड टोक दोन बोटांत. त्या आखूड दांड्याने दोन बोटांचा जेवढा जोर लागतो तेवढाच हवा. याहून जास्त आवळलं की दुर्बिणीची नळी चिमटली जाते आणि आतली यंत्रणा अडते. मग नॉब फिरतो, पण आत काही हलत नाही. हा दोष हाताने केलेला असतो आणि दुकानदाराच्या माथी मारला जातो.

आता घरातली नेलपॉलिश घ्या. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर आणि रिंगेवरून दुर्बिणीवर एकेक बारीक रेघ ओढा. पुढच्या खेपेला रेघ तुटलेली दिसली की काय सरकलं ते नजरेने कळतं.

स्क्रू ठीक निघाले तर लाकडाकडे वळा. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, एप्रिल-मेमध्ये आक्रसतो, आणि रायफल दस्त्याला धरून ठेवणारे खालचे मोठे स्क्रू आपोआप ढिले पडतात. ते तपासा. मग दहाची नोट नळी आणि लाकूड यांच्या फटीतून मागे सरकवून बघा. नोट गेल्या वर्षी जिथून जात होती तिथेच आता अडत असेल, तर लाकूड नळीला दाबतंय. मात्र लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका. कित्येक रायफलींमध्ये दस्त्याच्या पुढच्या टोकाला मुद्दाम ठेवलेला टेकू असतो, तो गेला की नेम कायमचा जातो. हे काम परवानाधारक बंदूक कारागिराचंच. तालुक्याच्या वेल्डरकडून पट्टी नळीवर डाखून घेण्याचा प्रकारही दिसतो. तो जिवावर बेतू शकतो, कारण तापलेल्या पोलादाची ताकद बदलते.

तुमच्या .३१५ला मूळची लोखंडी माशी (नळीवरची नेमाची खूण) अजून असेल तर खरी परीक्षा सोपी आहे. दुर्बीण उतरवून ५० मीटरवर माशीने पाच गोळ्या मारा. त्या एका जागी लागल्या, तर रायफल निर्दोष आहे आणि दोष दुर्बीण किंवा माउंटचा, म्हणजे पट्टी-रिंगांचा, आहे. माशीनेही विखुरल्या, तर हजारो रुपयांची नवी दुर्बीण तुमच्या काही कामाची नव्हती.

प्रश्न : मुलाला सरावासाठी नळी मोडून भरायची .१७७ एअर रायफल घेतली, वर ३-९ × ४० ची (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण लावली. ३०-४० छर्र्यांनंतर नेम बिघडतो आणि आता तर उंचीचा नॉब पूर्ण वर नेला तरी छर्रा खालीच लागतो. शेजारी म्हणतात, वानरांवर मारून बघा म्हणजे कळेल.
— भिवापूर तालुका, जि. नागपूर

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. वानर संरक्षित प्राणी आहे आणि छर्रा लागलेलं जनावर मरत नाही, सडतं.

स्प्रिंगची एअर रायफल दुर्बिणीला मोठ्या रायफलपेक्षा जास्त छळते, हे ऐकायला विचित्र वाटतं. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल मागे येते. क्षणात पिस्टन टोकाला आदळून थांबतो, आणि रायफल पुढे झटका खाते. म्हणजे एका छर्र्यात दोन उलट्या दिशांचे हिसके. साध्या दुर्बिणीची आतली बांधणी मागच्या धक्क्यासाठी केलेली असते, पुढच्या हिसक्याने तिची फुली ढिली होते. खरेदी करताना ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असं खोक्यावर लिहिलेलीच घ्या.

तोच हिसका दुर्बिणीला डोळ्याच्या बाजूला, मागे सरकवतो. रायफलवरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेकडे नीट बघा, रिंगेच्या पुढे चकाकणारा ओरखडा दिसेल. तो दिसला तर तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर मिळालं. मागच्या रिंगेच्या पोटात उभा पिन, म्हणजे स्टॉप पिन, असलेलं माउंट घ्या आणि तो पिन रायफलवरच्या भोकात बसवा. भोक नसेल तर रिंगेच्या मागे वेगळा स्टॉपर आवळा. दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध माउंट जास्त पकडतं.

दुसरी तक्रार, नॉब संपला तरी छर्रा खाली. मोडणाऱ्या नळीचा हा जुना रोग आहे : बंद केल्यावर नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं राहतं. नॉब टोकाला नेऊन ठेवला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम डुलायला लागतो, म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र येतात. दोन्ही नॉब मधोमध आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे क्लिक मोजा आणि निम्मे मागे या. मग मागची रिंग उचला. त्यासाठी उताराचं माउंट मिळतं, ते उत्तम. नाही मिळालं तर मागच्या रिंगेच्या तळाशी जुन्या फोटो निगेटिव्हची एक, फार तर दोन पट्ट्या. याहून जाड काही घातलं की दुर्बीण वाकते.

बिजागराचा बोल्टही बघा. नळी मोडून मधेच धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. ती हलली तर तो आवळायला हवा.

धरण्याची पद्धतही बदला. मोठ्या रायफलसारखी ही घट्ट आवळून धरली, की दर वेळी हिसका वेगळा आणि छर्रा वेगळा. पुढचा हात उघडा, तळव्यावर रायफल नुसती ठेवलेली, खांद्याला जेमतेम टेकलेली. रेतीच्या थैलीवर थेट टेकवू नका, मधे तळवा ठेवा. रोज तळव्याची जागा तीच हवी.

छर्र्यांचंही ऐका. डब्यात पिचकलेले असतील तर आधी वेचून टाका. शक्य तर दोन-तीन कंपन्यांचे, ४.५० आणि ४.५२ अशा वेगळ्या मापांचे थोडे थोडे घेऊन दहा-दहा मारा. एकाच नळीत एक छर्रा नाण्याएवढा ग्रुप देतो आणि दुसरा बशीएवढा. छर्र्यामागून धूर आणि फटाक्यासारखा आवाज येत असेल, तर कोणीतरी आत तेल सोडलं आहे. ते आत पेट घेतं आणि वेग दर वेळी बदलतो. तेल घालणं थांबवा, ते जळून संपलं की रायफल शांत होते.

प्रश्न : .२२ रायफल भाऊ आणि मी दोघंही वापरतो, परवाना दोघांच्या नावे आहे. त्याने झिरो केली की माझे फटके ५० मीटरवर सेंटीमीटरभर उजवीकडे जातात. मी केली की त्याचे डावीकडे. खोटं कोण बोलतंय?
— आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : कोणीच नाही. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून वेगाचा काटा पाहिला तर तो वेगळाच आकडा दाखवतो, तसंच हे. टारगेटची प्रतिमा आणि फुली दुर्बिणीच्या आत एकाच पातळीवर पडत नसतील, तर डोळा मध्यातून जरा सरकला की फुली टारगेटवरून सरकते. दोघांच्या गालाची ठेवण वेगळी, म्हणून दोघांचा झिरो वेगळा.

तपासणी एका मिनिटाची आहे. रिकामी रायफल रेतीच्या थैल्यांवर अशी रोवा की हात न लावता फुली ५० मीटरच्या टारगेटवर राहील. आता डोकं हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली टारगेटवर पोहताना दिसली तर पॅरॅलॅक्स आहे. मोठ्या रायफलीच्या कित्येक दुर्बिणी कारखान्यातून १०० यार्डाला पक्क्या केलेल्या येतात, .२२च्या ५० यार्डाच्या आसपास. मोठीची दुर्बीण .२२वर चढवली असेल तर ५० मीटरवर हे होणारच. पुढच्या भिंगाभोवती किंवा बाजूला अंतराचं कडं असेल तर फुली पोहायची थांबेपर्यंत ते फिरवा, त्यावरच्या आकड्यांपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा. कडं नसेल तर गालाची जागा पक्की करा. दस्त्यावर रेक्झिनचा तुकडा गुंडाळून गाल असा टेकवा की दिसणाऱ्या गोलाच्या कडेला काळी चंद्रकोर उरू नये.

डोळ्याचं मागचं कडंही दोघांनी एकत्र बसून लावा. पांढऱ्या भिंतीकडे दुर्बीण रोखा, डोळे मिटा, उघडा, आणि पहिल्या दोन सेकंदांत फुली काळी-स्पष्ट दिसते का बघा. जास्त वेळ बघत राहिलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. भावाला चष्मा असेल तर तो लावूनच.

प्रश्न : ५० मीटरवर गोळी ९ सेंटीमीटर खाली आणि ४ उजवीकडे लागते. नॉबवर ‘१ क्लिक = १/४ एमओए’ लिहिलंय. किती क्लिक फिरवू? परवान्यावर गोळ्या मोजक्या मिळतात, वाया घालवायच्या नाहीत.
— साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटीमीटर होतो, म्हणून पाव एमओएचा एक क्लिक तिथे सुमारे ७.३ मिलिमीटर, ५० वर ३.६, आणि २५ वर फक्त १.८. तुमचं गणित : ९० भागिले ३.६, म्हणजे २५ क्लिक वर. ४० भागिले ३.६, म्हणजे ११ क्लिक डावीकडे. १०० मीटरचाच ७.३ आकडा ५० वर वापरला की निम्मेच क्लिक फिरतात, आणि दुर्बीण ऐकत नाही अशी समजूत होते. नॉबवर ०.१ मिल (कोनाचंच दुसरं माप) लिहिलेलं असेल तर सोपं आहे, १०० मीटरवर क्लिकला एक सेंटीमीटर, ५० वर अर्धा. नॉबवरचा बाण गोळी जिकडे न्यायची ती दिशा दाखवतो, फुलीची नव्हे.

गोळ्या वाचवायच्या तर सुरुवात बिनगोळीने करा. बोल्ट काढा, रायफल थैल्यांत रोवा, नळीतून मागून बघत २५ मीटरवरचा काळा ठिपका नळीच्या गोलात मधोमध आणा. रायफल न हलवता नॉब फिरवून फुली त्याच ठिपक्यावर न्या. आता पहिली गोळी कागदावर नक्की लागते. २५ वर गोळी नेमापेक्षा सेंटीमीटरभर खाली लागली तरी चालेल, कारण दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसते. पुढे १०० वर तीन गोळ्या मारा, तिन्हींचा मध्य काढा आणि त्या मध्यावरून क्लिक मोजा. एका गोळीमागे धावू नका. ती तुमच्या चापाची चूकही असू शकते.

क्लिकचं खरंखोटं करायला चौकोन मारा : तीन गोळ्या, मग २० क्लिक वर, तीन, २० उजवीकडे, तीन, २० खाली, तीन, २० डावीकडे, तीन. शेवटचे तीन पहिल्या तिनांवर पडले तर दुर्बीण प्रामाणिक. न पडले, किंवा क्लिक दिल्यावर दोन गोळ्यांनंतर अचानक उडी घेतली, तर आतली स्प्रिंग थकली आहे. १५ गोळ्या जातात, पण दुर्बिणीवरचा आळ कायमचा मिटतो.

फुली सरळ उभी आहे का तेही बघा. २५ मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि उभी काटी त्या दोरीवर टेकवा. १०० मीटरला झिरो केलेली .२२ पाच अंश कलती धरली तर तिथे गोळी सुमारे चार सेंटीमीटर बाजूला जाते. त्यावर नॉबचा इलाज चालत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात दुर्बिणीच्या आतून धुकं येतं. उघडून पुसू का?
— अहेरी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : उघडू नका. आत कोरडा नायट्रोजन भरून रबरी रिंगांनी बंद केलेली असते. आत धुकं दिसलं म्हणजे ती रिंग गेली आणि ओल शिरली. ते काम कंपनीच्या सर्व्हिसचं. बाहेरच्या काचेवर धुकं असेल तर ते गार खोलीतून दमट हवेत आणल्यामुळे येतं. कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. दुर्बीण तांदळाच्या डब्यात पुरायचा घरगुती उपाय करू नका, त्याची धूळ भिंगाच्या लेपावर ओरखडे काढते.

प्रश्न : मे महिन्यात क्लबात पहिल्या दोन गोळ्या बरोबर, तिसरीपासून वर चढतात. थंडीत असं होत नाही. शेतात आपलंच टारगेट लावून सकाळी सकाळी झिरो केली तर चालेल का?
— राजुरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : तुमच्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि पातळ नळी, दोन्ही एकत्र आले की हे होतं. नळी तापते, फुगते आणि कुठेतरी लाकडाला टेकते. ज्या बाजूने टेकते त्याच्या उलट बाजूला गोळी जाते. दोन गोळ्यांमधे पाच मिनिटं थांबा, बोल्ट उघडा ठेवा. नळीवर हात टेकवत नसेल तर पुढची गोळी नको. काडतुसं सावलीत ठेवा, तापलेल्या दारूने गोळीचा वेग वाढतो. नऊनंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळा टारगेट नाचवतात, तेव्हा मोठं करून बघण्याऐवजी दुर्बीण कमी शक्तीवर आणा.

नळी साफ करून आत तेलाचा हात फिरवला असेल तर पहिली गोळी वेगळीच जाईल, ती हिशेबात धरू नका. कोरडा कपडा फिरवूनच सुरुवात करा. साफसफाईची सळई तोंडाकडून घालू नका, नळीच्या तोंडाची कड खरचटली तर ती कोणत्याही नॉबने दुरुस्त होत नाही.

शेतात मात्र नाही. .२२ची गोळीही दीड किलोमीटर जाते, मोठीची त्याहून कितीतरी पुढे, आणि सपाट वावरात बांध म्हणजे गोळी अडवणारी भिंत नव्हे. दगडाला लागली तर उलटही येते. रेंज अधिकाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून ५० किंवा १०० मीटरची लेन मोकळी आहे का ते विचारून घ्या. काही क्लबांत १० मीटरचीच सोय असते, आणि काडतुसं घेऊन तिथवर गेल्यावर ते कळतं.